विटांचा रविवार

"पुढच्या रविवारी कोणी येऊ नका," असं मुकादमबाई मागच्या रविवारी रागाच्या भरात बोलून गेल्या, आणि पोरांनी आईचं नेमकं हेच ऐकलं. 'पाय पुसून आत या' हे वाक्य जन्मभर ज्यांच्या कानात शिरलं नाही, त्यांच्या डोक्यात हे मात्र पहिल्या फटक्यात बसलं. सकाळ उलटून गेली, ऊन खिडकीतून ओट्यावर आलं, तरी दाराची बेल गप्प होती.

मुकादमबाई स्वयंपाकघरात उभ्या होत्या. करायला काही नव्हतं, म्हणून त्यांनी पुसलेला ओटा पुन्हा पुसला. ओट्याखाली गाजरांची फुगलेली पिशवी होती. काल बाजार उठायच्या वेळी त्या गेल्या, हात सवयीने मऊ पडलेल्या गाजरांकडे वळला, आणि जिना चढताना खांदा दुखला तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण तिन्ही घरांची गाजरं उचलून आणली आहेत. 'सूप करीन,' असं त्यांनी स्वतःला सांगून टाकलं. एवढ्या गाजरांचं सूप त्यांना एकटीला महिनाभर पुरलं असतं.

मुकादम हे काही त्यांचं नाव नव्हे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या धुलाईघरात बायकांवर मुकादम म्हणून काढली, आणि घरातही सगळे मागून त्यांना तेच म्हणत. नवरा गवंडी. दोघंही उजाडायच्या आत घराबाहेर, मागे तीन पोरं, त्यांच्या शाळा, आणि सकाळी त्यांच्या पोटाचं बघायला कोणी नाही. यावर बाईंनी रविवारचा तोडगा काढला. ओट्स भाजायचे, खजूर भिजवून कुस्करायचा, गाजर आणि सफरचंद किसायचं, अंडी फोडायची, सगळं कालवून मोठ्या ट्रेमध्ये थापायचं, ओव्हनमध्ये भाजायचं आणि चौकोनी तुकडे करून फ्रीजमध्ये टाकायचे. सकाळी ज्याने त्याने एक तुकडा उचलायचा, वर पेलाभर दूध प्यायचं, की दुपारपर्यंत पोरांकडे बघायला नको. सगळा स्वस्तातला मामला होता. ओट्स पोत्यातले, खजूर तुटका, सफरचंदं डागाळलेली. गवंडीबुवांनी पहिला तुकडा हातात घेतला, उलटासुलटा पाहिला, टेबलावर ठोकून पाहिला आणि म्हणाले, "वीट पास." तेव्हापासून त्या विटाच.

धुलाईघरात धुणारीने धुवायचं, इस्त्रीवालीने इस्त्री फिरवायची, घडीवालीने घडी घालायची, आणि एकीने दुसरीच्या कामात नाक खुपसायचं नाही. मुकादमबाईंनी घरही तसंच चालवलं. भाजणं थोरल्याकडे, खजूर मधलीकडे, ट्रे आणि ओव्हन धाकट्याकडे. कालवणं आणि हुकूम सोडणं स्वतःकडे. पोरं मोठी झाली. थोरला बस चालवू लागला, मधलीने शिवणाचं दुकान टाकलं, धाकटा चष्म्याच्या दुकानात काचा कापू लागला. तिघांची तीन घरं झाली, गवंडीबुवा गेले, तरी रविवार हलला नाही. तिन्ही घरांचा आठवड्याचा नाश्ता याच ओट्यावर व्हायचा आणि डब्यांत भरून जायचा. लाल झाकणं थोरल्याची, पिवळी मधलीची, हिरवी धाकट्याची. कामंही लहानपणी वाटून दिली तीच. भाजणाऱ्याला थापणं ठाऊक नव्हतं आणि थापणाऱ्याने खजुराला कधी हात लावला नव्हता.

निघताना दारात मुकादमबाई एकच वाक्य बोलत. "डबे परत आणा." 'या' असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. धुलाईघरात बायकांना कोणी या म्हणत नाही, भोंगा झाला की त्या येतात.

तर मागच्या रविवारी काय झालं, तर धाकट्या सुनेने एक साधा प्रश्न विचारला. ही पोरगी टॅक्सीच्या ऑफिसात दिवसभर फोन घेते, आठवड्याला तिला हा एकच दिवस सुट्टीचा. लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. विटा कागदात गुंडाळता गुंडाळता ती म्हणाली, "आई, आम्ही नाही आलो आणि डबे कोणाबरोबर पाठवून दिले, तर चालेल का?"

तिच्या मनात काही वाकडं नव्हतं. दर रविवारी दारात डब्यांचंच ऐकलेलं, म्हणून डब्यांचंच विचारलं. पण मधली उसळली. "म्हणजे आम्ही राबायचं आणि तुम्ही बसून खायचं." धाकटी म्हणाली, तसं नाही ताई, आमचं आम्ही करू. थोरला मध्यस्थी करायला गेला आणि म्हणाला, ज्याचं त्याच्या घरी हेही काही वाईट नाही, तर मधलीने त्याच्याशी बोलणंच टाकलं. धाकट्याने तोंड उघडलं नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी त्यालाच ऐकून घ्यावं लागलं. आणि शेवटी मुकादमबाईंनी कलथा आपटून ते वाक्य टाकलं. ज्याचं त्याने करा, पुढच्या रविवारी कोणी येऊ नका.

आता खरं सांगायचं तर मुकादमबाईंना विटांचं काही पडलेलं नव्हतं. सकाळी त्यांना पावाचा तुकडा पुरायचा. त्यांना पडलं होतं रविवारचं. पोरं यायची ती कामाला यायची. कामच नसलं, तर जिना चढून वर कशाला येतील? आणि 'चुकलं माझं, या' असं फोनवर म्हणायचं तर जीभ उचलत नव्हती. आठवडाभर त्यांनी फोन हातात घेतला आणि पुसून ठेवला. फोन कधी नव्हे इतका चकचकीत झाला होता.

बेल वाजली तेव्हा त्यांनी मुद्दाम जरा वेळ लावला.

दारात थोरला, हातात पान्हा. बस चालवून चालवून अंग सुटलेलं, दार पूर्ण भरलेलं.

"नळ बघायला आलो," तो म्हणाला.

"कुठला नळ?"

"स्वयंपाकघरातला. गळतोय ना?"

"नाही गळत."

"गळेल," थोरला म्हणाला आणि आत शिरला. पाय पुसले नाहीतच.

मुकादमबाई त्याच्या मागे उभ्या राहिल्या. त्याने नळाभोवती पान्हा लावला, इकडून तिकडून फिरवला, आणि चांगला कोरडा नळ टप टप गळायला लागला.

"बघ," थोरला म्हणाला. "वेळेवर आलो." मग पाठमोराच राहून, अगदी सहज सुचल्यासारखं, "आई, तो खजूर असतो ना, तो पाण्यात किती वेळ ठेवतात गं?"

मुकादमबाईंच्या मनात काहीतरी टुणकन उडालं. पण चेहरा त्यांनी इस्त्रीच्या चादरीसारखा ठेवला. "का?"

"असंच. बसमध्ये एक बाई विचारत होती."

"बसमध्ये बायका तुला खजुराचं विचारतात?"

थोरल्याने पान्हा खाली ठेवला. "बरं, ऐक. परवा डबे रिकामे झाले, तेव्हा आम्ही केल्या. ओट्स मी झकास भाजले, तिथवर सगळं ठीक. पण खजूर काही कुस्करेना. बायकोने एक घास घेतला, मला म्हणाली, हा खजूर आहे की बी? आणि दवाखान्यात पाळीवर जाताना रस्त्यात पाव घेऊन खाल्ला. पोरं तर मला आता विचारतात, बाबा, आजी रागावली आहे ती कधीपर्यंत?"

"मधलीला विचार. खजूर तिचा."

"ती बोलतेय कुठे माझ्याशी? तू सांग ना. एवढंच तर सांगायचंय."

एवढंच. मुकादमबाईंना मनातल्या मनात हिशेब लागला. याला खजूर येत नाही. म्हणजे मधलीला भाजणं येणार नाही. म्हणजे कोणालाच काही येणार नाही. सबंध वीट कोणाच्याच हाती नाही, ती फक्त आपल्याला ठाऊक. आठवड्यात पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. थोडी लाजही वाटली, पण बरं जास्त वाटलं.

"बघू," त्या म्हणाल्या. "आधी नळ बंद कर."

नळ बंद होईना. तेवढ्यात पुन्हा बेल वाजली.

मधली आली ती गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून. "तुझ्या कोटाची शिवण उसवली होती ना, ती घालून देते," म्हणत ती आत आली आणि ओट्याशी भाऊ दिसताच थबकली. "हा काय करतोय?"

"नळ मोडतोय," मुकादमबाई म्हणाल्या.

"दुरुस्त करतोय," थोरला म्हणाला.

मधलीने त्याच्याकडे पाहिलंच नाही. ती आईला म्हणाली, "याला सांग, मी कोटासाठी आलेय."

"हिला सांग, उन्हाळ्यात कोट कोणी घालत नाही," थोरला म्हणाला.

कोट आणला. शिवण शाबूत होती. मधलीने ती उलटीपालटी करून पाहिली, कात्री काढून एक टाका कापला आणि म्हणाली, "ही बघ, उसवलीय." मग सुई ओवता ओवता, डोळे सुईच्या नेढ्यावर ठेवून, तिने विचारलं, "ओव्हन किती वेळ ठेवायचा असतो गं, आई?"

थोरला हसला. तोंड दाबून हसला, पण पोट हललंच.

"हसायला काय झालं?"

"काही नाही. तुझ्याही जळल्या?"

मधलीने सुई कोटात खुपसली. मग तिलाही हसू आवरेना. "वरून कोळसा आणि आतून खळ. माझा नवरा इतका सोशिक माणूस, तो म्हणाला, दुकानात खडू संपला की हे वापर."

झालं, आठवडाभराचा अबोला संपला. आणि भावंडांचा समेट झाला की तिसऱ्याच्या नावाने बोटं मोडायला वेळ लागत नाही. सगळं त्या धाकटीमुळे झालं, यावर दोघांचं चटकन एकमत झालं. सुखाने चाललं होतं. हिला रविवारी झोपायचंय. आपण काय कामाला जात नाही? मधलीचं एवढंच म्हणणं होतं की तिने एकदा धाकटीला स्पष्ट सांगावं. थोरल्याचं म्हणणं होतं की सांगावं, पण ते मधलीने सांगावं.

मुकादमबाई ऐकत होत्या. त्यांना हे आवडायला हवं होतं. दोन पोरं ओट्याशी, स्वयंपाकघरात आवाज, नळ गळतोय. पण धाकटीवर सगळं ढकललेलं त्यांच्या घशाखाली उतरेना. 'येऊ नका' हे ती पोरगी कुठे म्हणाली होती?

तिसऱ्यांदा बेल वाजली ती एकदाच आणि जोरात. धाकटी दारात उभी, दोन्ही हातांत ट्रे, आणि मागे धाकटा हिरव्या झाकणांचे रिकामे डबे छातीशी धरून. या दोघांनी निमित्त वगैरे काही आणलं नव्हतं.

"आई, फसलं," धाकटी म्हणाली आणि ट्रे सरळ टेबलावर ठेवला.

सगळे ट्रेभोवती जमले. आत जे होतं ते कापलेलं होतं सुरेख, रेघेबरहुकूम. पण प्रत्येक तुकडा मधोमध खचला होता.

"कापणी माझी आहे," धाकटा म्हणाला. "बाकीचं मला विचारू नका."

थोरल्याने एक तुकडा उचलला, तो बोटांतून ओघळला. "ओट्स कच्चेच घातले होते का?"

"भाजायचे असतात?" धाकटी म्हणाली.

मधलीने तोंड उघडलं. आता ती स्पष्ट सांगणार, हे थोरल्याला कळलं आणि तो नळाकडे वळला. पण धाकटीच आधी बोलली.

"ताई, तुम्ही रागावलात ते मला कळतं. मला कामाचा कंटाळा नाही. पण मी वर्षभर इथे फक्त कागद गुंडाळतेय. काय चाललंय, का चाललंय, कोणी सांगत नाही. विचारलं तर म्हणतात, ते तुझं काम नाही. माझी एक सुट्टी आहे. ती मला कुठे द्यायचीय, एवढं तरी मला ठरवू द्या." मग ती सासूकडे वळली. "आई, मला पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं शिकवा. मग मी कोणाला त्रास देणार नाही."

मधलीने तोंड मिटलं. वर्षभर आपण हिला कागदाशिवाय काही दिलं नाही हे तिला आता दिसलं असावं, कारण तिने टेप गळ्यातून काढली आणि उगाच गुंडाळत बसली. "बरोबर बोलतेय ती," ती म्हणाली. "आई, मलाही शिकव. सगळं."

"मलाही," थोरला नळाकडूनच म्हणाला.

आता सगळे एका बाजूला आणि मुकादमबाई एकट्या दुसऱ्या बाजूला, अशी गत झाली. त्यांच्या हातात एवढंच होतं. ते दिलं की धाकटी म्हणते तसं होणार. कोणी त्रास देणार नाही, कोणी त्रास घ्यायला येणारही नाही. एखादी गोष्ट मागे ठेवावी, असा मोह त्यांना झाला. ओव्हनचं थोडं चुकीचं सांगितलं तर कोणाला कळणार होतं? पुढच्या रविवारी पुन्हा पान्हा घेऊन येतील. पण जन्मभर बायकांना त्यांनी एकच बजावलं होतं, अर्धी इस्त्री केलेली चादर माझ्या हाताखालून बाहेर जाणार नाही. आणि समोर ती पोरगी फसलेला ट्रे घेऊन उभी होती, लपवाछपवी न करता.

"बसा सगळे," त्या म्हणाल्या. "मी एकटी करून दाखवते. कोणी हात लावायचा नाही. कोणी मध्ये बोलायचं नाही. डोळे उघडे ठेवा आणि तोंडं बंद."

त्यांनी ओट्याखालून पिशवी ओढली.

"एवढी गाजरं कशाला आणलीस?" थोरल्याने विचारलं.

"तोंड बंद."

मुकादमबाई कामाला लागल्या. हात अजून चपळ होते. ओट्स कढईत पडले, खमंग वास सुटला, भाजून झाले तसे त्यांनी ते परातीत ओतले. थोरला खुर्चीतून अर्धा उठला आणि बसला. खजूर गरम पाण्यात टाकला, कुस्करला. मधलीने ओठ चावला. गाजर, सफरचंद, अंडी, सगळं हाताने कालवलं. तिथे मात्र कोणी हललं नाही, सगळे त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. किती वेळा उलथायचं, कुठे थांबायचं, तेलाचा हात कधी फिरवायचा, हे त्या सांगत गेल्या आणि धाकटी ओठांतल्या ओठांत म्हणत गेली. मग ट्रेमध्ये थापलं आणि ओव्हनचं दार लावलं. धाकट्याने डोळे मिटून घेतले.

"झालं," मुकादमबाई हात धूत म्हणाल्या. नळ बंद करायला गेल्या, तो झाला नाही. "आता सगळ्यांना सगळं येतं."

ट्रे बाहेर निघाला तेव्हा वास चांगला होता. बाकी काहीच चांगलं नव्हतं. कडा कडक, मधला भाग ओला, आणि सुरी घातली तशा विटा कोसळल्या. नीट एकही निघाली नाही.

नळ तेवढा टपटपत होता.

मुकादमबाईंनी एक तुकडा तोंडात टाकला. हळूहळू चावला. गोड होता, पण नुसताच गोड. दर रविवारी त्या चाखत त्यातलं काहीतरी यात नव्हतं. त्यांनी ओव्हनकडे पाहिलं, मग कढईकडे.

"ओव्हन बिघडलाय," त्या म्हणाल्या.

"आई," धाकटी म्हणाली, "तुमचं लक्ष कढईत होतं, माझं यांच्याकडे होतं. तुम्ही ओट्स ओतलेत तेव्हा दादा खुर्चीतून उठायला गेले. खजुराच्या वेळी ताईंनी ओठ चावला. आणि ओव्हन लावलात तेव्हा यांनी डोळे मिटले. या तिघांना काहीतरी माहिती आहे."

तिघं भावंडं एकमेकांकडे बघायला लागली. लहानपणी बरणी फुटल्यावर बघायची तशीच.

"ओट्स गार करायचे असतात," थोरला शेवटी म्हणाला. "गरम घातले की अंडं सगळं तेच पितात. मी बाल्कनीत जाऊन बायकोला फोन करायचो ना, रविवारी तिची पाळी असते. एकदा बोलणं लांबलं, ओट्स गारढोण झाले, आणि त्या दिवशी विटा कशा उभ्या राहिल्या. तेव्हापासून मी गारच करतो. बोलणं संपलं असलं तरी उभा राहतो."

"आणि तू?" मुकादमबाईंनी मधलीकडे पाहिलं.

"मी खजूर पाण्यात भिजवत नाही. चहात भिजवते."

"चहात?"

"किटलीत उरलेला, बिनदुधाचा. एकदा चुकून पाण्याऐवजी तोच ओतला गेला. तुला सांगणार होते, पण त्याच दिवशी तू म्हणालीस, आज वीट झकास जमलीय. मग कशाला सांगू?"

धाकटा आईने विचारायची वाट न बघता बोलला. "मी भाजायच्या आधीच सुरीने रेघा मारतो. काच आखल्याशिवाय कापत नाहीत. आणि ओव्हन लवकर बंद करून ट्रे आतच ठेवतो, दार किलकिलं करून. आमच्या या ट्रेलाही तेच केलं. म्हणून कापणी तेवढी नीट झाली."

"किती वर्षं?" मुकादमबाईंनी विचारलं.

तिघांच्या चेहऱ्यांवरूनच कळलं की बरीच.

मुकादमबाईंना आधी राग आला. माझ्या नाकाखाली, माझ्याच ओट्यावर. धुलाईघरात अशी एकेकीला दारात उभी केली असती. मग राग कुठेतरी घसरला, आणि त्या खुर्चीवर बसल्या. दर रविवारी ज्या विटेला त्या पास करत होत्या ती त्यांची नव्हतीच. मघाशी नळापाशी उभं राहून आपण मनात किती मोठ्या झालो, पोरांना कसं बांधून ठेवलंय म्हणून खूश झालो, हे आठवून त्यांना कसंसंच झालं. आपल्याकडे द्यायला काही नाही आणि रोखून ठेवायलाही काही नाही. म्हातारपण असं एका ट्रेमधून बाहेर येईल, असं त्यांना वाटलं नव्हतं.

"म्हणजे मलाच येत नाही," त्या म्हणाल्या.

"कालवणं येतं ना," थोरला म्हणाला. "आमचं कोणाचंच नीट कालवलं गेलं नाही. माझं तर हाताला चिकटून बसलं होतं."

"माझ्यात गाठी राहिल्या," मधली म्हणाली.

"आम्ही मिक्सरला लावलं," धाकटी म्हणाली, आणि यावर सगळेच हसले, मुकादमबाई जरा उशिराने.

"ऊठ आई," मधली म्हणाली. "गाजरं अजून पुष्कळ आहेत. पुन्हा करू. या वेळी तोंडं उघडी ठेवून."

मग त्या स्वयंपाकघरात कधी नव्हे तो गोंधळ झाला. थोरल्याने ओट्स भाजले आणि परात घेऊन बाल्कनीत गेला, तर धाकटी त्याच्या मागोमाग, किती गार, म्हणजे हात लावून किती, असं विचारत. मधलीने किटली हातात देऊन धाकट्याला खजुरावर बसवलं. मधली स्वतः ट्रेवर रेघा मारायला शिकली आणि म्हणाली, हे तर माझंच काम आहे, दिवसभर कापडावर खडूने दुसरं काय करते? कालवायची वेळ आली तेव्हा मुकादमबाईंनी धाकटीचे हात धरून परातीत घातले आणि आपले तिच्या हातांवर ठेवले. "दाबू नकोस. खालून वर. आता कळतंय?" धाकटी म्हणाली, "कळतंय." कळलं होतं की नाही कोण जाणे, पण हात तिने काढले नाहीत.

या वेळी ट्रे निघाला तेव्हा थोरल्याने एक वीट उचलून टेबलावर ठोकली. आवाज आला. "पास," तो बापाच्या आवाजात म्हणाला. मधलीने डोळे पुसले आणि वाफ गेली म्हणून सांगितलं.

डबे भरता भरता व्यवहाराचं बोलणं निघालं. मधलीनेच काढलं. फ्रीजरमध्ये विटा सहज टिकतात, मग एकदम दोन आठवड्यांच्या केल्या तर? एक रविवार सोडून एक. धाकटीला एक सुट्टी तिची मिळेल. थोरला म्हणाला, चालेल. धाकटा म्हणाला, मीही चालेल म्हणतोय, ऐकलं का सगळ्यांनी? धाकटी सासूकडे बघत होती.

अर्धे रविवार गेले, मुकादमबाईंच्या मनात आलं. पण सगळे गेले नाहीत, हेही आलं. "चालेल," त्या म्हणाल्या.

संध्याकाळ होत आली. लाल झाकणं, पिवळी झाकणं, हिरवी झाकणं दाराशी रांगेत उभी राहिली. थोरला आणि मधली जिन्यावरून पुढे गेली, भांडत, परत येताना नळासाठी नवीन चकती कोणी आणायची यावरून. धाकटा डबे घेऊन खाली उतरला. धाकटी मागे राहून चप्पल घालत होती.

मुकादमबाई दारात उभ्या राहिल्या आणि सवयीने तोंड उघडलं. "डबे..."

धाकटीने मान वर केली. "हो आई, पुढच्या वेळी आणते परत."

"नाही. ऐक." मुकादमबाईंनी दाराची कडी धरली. "पुढच्या रविवारी काम नाही. विटा नाहीत, डबे नाहीत. तरी तुम्ही या. सुट्टी तुझी आहे, तू ठरव. पण मी म्हणतेय, या. तुम्ही आला नाहीत की मला करमत नाही."

धाकटीच्या एका पायात चप्पल होती, दुसरी हातातच राहिली. "काम नाही, तर येऊन करायचं काय?"

मुकादमबाईंनी विचार केला.

"बसायचं," त्या शेवटी म्हणाल्या. "नुसतं कसं बसतात ते मला येत नाही. तेही तुम्हीच शिकवा."

धाकटीने दुसरी चप्पल घातली. मग पुन्हा दोन्ही काढल्या, उंबऱ्यावरच्या फडक्याला पाय नीट पुसले आणि आत आली.

"आजपासूनच सुरू करू," ती म्हणाली, आणि जिन्यातून खाली वाकून नवऱ्याला ओरडून सांगितलं की डबे घेऊन वर ये, एवढ्यात निघायचं नाही.